मशालवाली मुकी नव्हती

आमची कथा अजून त्या गोष्टी लिहायच्या ॲपवर आहे. परवा उघडून पाहिली. सुरुवातीला दर दुसऱ्या ओळीला कुणीतरी दचकतंय. राजकन्येचे डोळे एका भागात निळे, पुढच्यात घारे. आणि किल्ल्याखाली भुयारं इतकी, की वरचा किल्ला उभा कसा राहिला कोण जाणे! मी सगळं मजेत वाचलं, दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं.

'सावळगड' मालिका तेव्हा नुकतीच संपली होती आणि तिचा शेवट आम्हाला अजिबात पटला नव्हता. म्हणून ती पुढे आम्हीच लिहायला घेतली. मृण्मयीताई सांगलीची, कॉलेजला जाणारी. निकिता पुसदची, माझ्याच वयाची. आणि मी सुकेशनी, ताडकळसची, तेव्हा नववीत. मालिकेखालच्या कमेंटमध्ये भांडता भांडता आमची मैत्री झाली. प्रत्यक्ष मात्र आम्ही अजूनही भेटलेलो नाही.

लिहायची पद्धत खो-खोची. एकीनं भाग टाकायचा आणि खाली 'खो' लिहून पुढचीचं नाव द्यायचं. रविवारी संध्याकाळपर्यंत भाग आला नाही तर पाळी पुढे जायची. ताईचा सगळ्यात कडक नियम म्हणजे एकदा टाकलेलं पुसायचं नाही, बदलायचंही नाही. आधीचीनं राजकन्येला विहिरीत ढकललं असेल तर रडत बसायचं नाही, दोर सोडायचा.

माझा सगळा जीव मशालवालीत. मालिकेत ती राजकन्येच्या पुढे मशाल धरून चालायची, बस्स. तिला ना नाव, ना एक वाक्य. मी ठरवून टाकलं होतं की माझ्या पाळीला ही बोलणार. मी भुयारात मशाल विझवली. मशालवाली अंधारात राजकन्येला म्हणाली, "बाई, भिंतीला हात लावून या. पुढं पायरी खचलेली हाय." पुढे ती पानभर बोलली. मी माझ्यावरच लय खूश!

रविवारी दुपारी भाग टाकायला गेले आणि रेंज गेली. ते गोल चाक फिरत राहिलं ते राहिलंच. दुसऱ्या दिवशी मनकर्णामावशीसोबत मी जिंतूरला निघाले. परभणीच्या स्टँडवर बस बदलली, फोनला रेंज आली आणि खिशातल्या खिशात माझा भाग आपोआप जाऊन पडला.

कुठे? तर ताईच्या भागाखाली. माझा आला नाही म्हणून नियमाप्रमाणे तिनं रात्री स्वतःचा टाकला होता. त्यात राजकन्या दासीला सांगते, "ही बिचारी जन्मापासून मुकी आहे गं." मग राजकन्या आणि मशालवाली खुणांनी बोलतात. वाचक त्यावर ढसाढसा रडले होते. आणि आता लगेच खाली तीच मुकी पानभर बोलत होती.

कमेंट सुरू झाल्या. 'मशालवालीला काय खायला घातलं?' 'वैद्याचा पत्ता द्या, आमच्या आत्याला न्यायचंय.'

तेवढ्यात ताईचा मेसेज आला. 'सुकेशनी, तुझा भाग काढून टाक ना. संध्याकाळी कॉलवर बोलू.'

भाग काढला असता तर मशालवाली कायमची मुकी झाली असती. मालिकेनं तिला वाक्य दिलं नव्हतंच, आता आम्हीही देणार नव्हतो.

"काय झालं गं? तोंड का पडलं?" मावशीनं विचारलं.

"मावशी, मुकी बाई एकदम बोलायला लागली तर लोक मानतील का?"

"न मानायला काय झालं? आमच्या शेजारची रुख्मिणीकाकू. सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं न्हाई, अशी रीत होती तवा. आणि सासरा दिवसभर घरातच! पाव्हणे म्हणायचे, सून कामाला वाघीण हाय, पण बिचारी मुकी हाय."

"मग?"

"मग काय! एकदा शेकोटीची ठिणगी सासऱ्याच्या धोतरावर उडाली. ही ओरडली, 'मामा, धोतर पेटलंय!' तर म्हातारा विझवायचं सोडून हिच्याकडंच बघायलाय."

पुढच्या सीटवरच्या बाबांनी मान वळवली. "मग, विझलं का?"

"विझलं की. धोतर गेलं, सासरा राहिला."

अख्खी बस हसली. मी जिंतूर येईपर्यंत त्या धोतराचाच विचार करत होते.

आमच्या कॉलवर मी कधी बोलायचे नाही. त्या दोघी बोलायच्या आणि मी बाजूला टाइप करायचे. आमचं ताडकळसचं बोलणं सांगलीच्या कानाला कसं वाटेल, याची धास्ती होती. त्या संध्याकाळीही मावशीच्या गच्चीवर बसून मी टाइप करायलाच घेतलं होतं. 'बरं ताई' एवढं झालंही होतं.

"हे बघ," ताई म्हणाली, "मुकी म्हणजे मुकी. काढ तो भाग."

मी 'बरं ताई' खोडलं आणि माइक लावला.

"ताई, ती मुकी हाय हे राजकन्या म्हणायली. मशालवाली कुठं म्हणायली?"

निकिता किंचाळली, "अय्या! सुकेशनी? मला वाटलं तुझा माइकच बिघडलाय!"

"चांगला हाय माइक. ताई, महालात तिच्याशी बोलतंय कोण? सगळे हुकूम सोडतात, राजकन्या खुणा करती. हुकमाला मान हलवली की झालं. मशाल पेटलेली असली की वाट दिसती, तिनं बोलायची गरजच न्हाई. पण मशाल विझली, आता पायरी खचलीय हे अंधारात खुणेनं कसं सांगावं तिनं?"

"अगं, पण लोक मला हसतायत."

"तुझी राजकन्या चुकली. तू न्हाईस चुकलीस. हेच लिही की पुढं."

"आणि नियम तूच केलास, ताई," निकिता म्हणाली. "माझ्या विहिरीच्या वेळी मी किती रडले होते! बदलू दिलं होतंस का?"

ताईला हसू आलं. "बरं बाई, राहू दे दोन्ही. सुकेशनी, तू तर वकीलच निघालीस. इतके दिवस होतीस कुठं?"

पुढचा भाग तिनं छान लिहिला, हे मानावं लागेल. भुयारातून दोघी उन्हात येतात. राजकन्या पहिल्यांदा मशालवालीकडे नीट बघते आणि विचारते, "तुला बोलता येतं, मग आजवर गप्प का होतीस?" आणि खाली लिहिलेलं, 'खो, सुकेशनी.'

मी लिहिलं, "तुम्ही विचारलं कुठं?"

त्यानंतर फार भाग झाले नाहीत. माझी दहावी आली, ताईच्या परीक्षा आल्या, निकिताला दुसरी मालिका सापडली. भांडणबिंडण काही नाही. ग्रुपवर आता वाढदिवसाचे केक तेवढे येतात. आणि मी वर्गात इतकी बोलते, की सरांनी मला दोनदा जागा बदलायला लावली.

परवा मशालवालीचं ते उत्तर पुन्हा वाचलं. जरा नाटकीच वाटतं. आज मी तिला आधी विझलेली मशाल खाली ठेवायला लावली असती, हात झटकायला लावले असते आणि मग बोलू दिलं असतं. बोट बदलायच्या खुणेवर गेलंही होतं.

पण टाकलेलं बदलायचं नाही. मी ॲप बंद केलं.