पळीचे दोन ठोके

“आज पण दोनदा. सलग सहावा आठवडा आहे यार,” संघमित्रा मोरीत भांडी विसळता विसळता पुटपुटली.

ती पुटपुटली नवऱ्यासाठी. पण एक खोली आणि तिला चिकटलेला ओटा एवढ्याच घरात नवऱ्यापुरतं पुटपुटायची सोय नसते. ओट्याशी उभ्या असलेल्या सासूला, चंपाला, शब्दन् शब्द ऐकू आला. प्रबुद्धने नळ जरा मोठा सोडला. बायको काही बोलली की तो पाणी वाया घालवायचा, हे त्याचं नेहमीचं.

चंपाने ऐकलंच नाही असं दाखवलं आणि उरलेला वाटीभर भात झाकून ठेवला. सकाळी कांदा-मिरचीची फोडणी बसली की तोच भात नवा होणार होता. तिला राग आला नव्हता. राग खोट्या बोलण्याचा येतो, आणि ही पोर खरं बोलत होती. सकाळी सातला घाटकोपरच्या लॅबमध्ये रक्ताच्या बाटल्या घेऊन उभी राहायची ती संध्याकाळी घरी यायची, तेव्हा भुकेनं तिचे ओठ पांढरे झालेले असायचे.

त्या घरात पळी पातेल्याच्या काठावर आपटण्याला अर्थ होता. एकदा आपटली तर नुसता रस्सा झटकला. दोनदा आपटली तर घरच्यांनी हात आखडायचा. पातेल्यात जे आहे ते पाहुण्याचं. मग प्रबुद्ध म्हणायचा, आज वडापाव उशिरा खाल्ला. चंपाचा नवरा अंबादास पोटावरून हात फिरवायचा. संघमित्रा ताटावर तळहात आडवा धरायची. लग्न होऊन आली त्या आठवड्यातच तिला ही खूण शिकवली गेली होती, गॅसचं बटण कुठं अडकतं आणि पाणी किती वाजता जातं त्याच्या बरोबरीनं. पाहुण्याला काही पत्ता लागायचा नाही. तो पोटभर जेवायचा, ढेकर द्यायचा आणि गावी जाऊन सांगायचा, की मुलुंडला अंबादासच्या घरी राज्य आहे.

चंपाला ही खूण तिच्या सासूनं दिली होती. लग्नानंतर ती सात महिने जालन्याकडच्या गावी राहिली, तेव्हा चुलीपुढं बसून सासूनं एकदाच समजावलं होतं, पुन्हा नाही. त्यानंतर चंपा मुंबईला आली. आधी झोपडपट्टीत, मग ती पाडून बांधलेल्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. घर बदललं पण पळी बदलली नाही.

आणि पाहुणेही थांबले नाहीत. कुणाची भरतीची परीक्षा, कुणाचं टाटा हॉस्पिटल, कुणाची दुबईच्या नोकरीची मुलाखत. सहा डिसेंबरला दादरला येणारी गावची दहा-बारा माणसं तर दरवर्षी ठरलेलीच. त्या रात्री अंबादास आणि प्रबुद्ध जिन्यात झोपायचे. चंपानं कुणाला नाही म्हटलं नाही. पाहुण्यासाठी साबणाची नवी वडी फोडायची, तो गेला की उरलेली वडी घरात वापरायची. दोडका आणला तर भाजी, शिरांची चटणी. कोथिंबिरीचे देठ वाटणात. चहात दूध कमी पडलं तर आलं जास्त ठेचायचं, म्हणजे पिणारा ठसक्यात दूध विसरतो. कोंबडीच्या रश्श्यात बटाटे घालायचे, तेही फोडींच्याच मापाचे, म्हणजे रश्श्यात सगळेच मानाने तरंगतात. या सगळ्याला ती काटकसर म्हणायची नाही. ती म्हणायची, बाईला हात पाहिजे.

पण दोन वर्षांपूर्वी अंबादासची औषधांची कंपनी बंद पडली, आणि हात असून भागेना. आता तो ठाण्याच्या एका सोसायटीत गेटवर बसायचा. निळा शर्ट पिशवीत घालून न्यायचा आणि तिथं गेल्यावर बदलायचा. गावी कुणालाच हे माहीत नव्हतं. सांगायचं नाही असं ठरलंही नव्हतं. नुसतं कुणी सांगितलं नाही, आणि मग सांगायची वेळ निघून गेली.

अशात अंबादासची मोठी बहीण, पुतळाबाई, जिला सगळे अक्का म्हणायचे, मोतीबिंदूसाठी आली. पंधरा दिवसांसाठी आली होती. एका डोळ्याचे दोन डोळे झाले आणि दीड महिना झाला. चंपाला ती आईच्या ठिकाणी. काळा चष्मा लावून ती खिडकीशी बसायची, वेळेवर डोळ्यांत औषध घालून घ्यायची, लसूण सोलून द्यायची, कुणाला तोशीस नाही. पण जेवायची नाही. म्हणजे बसायची, पण अर्धी भाकरी झाली की ताट सरकवायची. चंपानं ठेचा करून बघितला, पिठलं करून बघितलं, गावाकडं करतात तशी येसर मसाला घातलेली आमटी करून बघितली. अक्काचं उत्तर एकच. बास झालं बाई, म्हाताऱ्या माणसाला कितीक लागतंय.

गेल्या आठवड्यात अक्काच्या हातातली पाटली कोपरापर्यंत वर सरकलेली चंपाला दिसली. भावाच्या घरी जाऊन बहीण वाळून परत आली असं गाव म्हणणार. गावाचं एक वेळ सोडा. आपल्या दारातून माणूस अर्धपोटी जातंय, आणि का जातंय तेच आपल्याला कळत नाही, हे तिला सोसवत नव्हतं. आपल्या हाताची चव गेली की काय, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं, आणि ती त्या दिवशी मीठ घालताना तीनदा थांबली.

रविवारी संध्याकाळी कुर्ल्याहून अक्काची गाडी होती. दुपारचं जेवण शेवटचं. शनिवारी रात्री मोरीतलं ते पुटपुटणं ऐकून चंपानं ठरवून टाकलं की उद्या पळी वाजणार नाही. उद्या अक्का पोटभर जेवेल, घरची सगळीही जेवतील, मग पुढच्या आठवड्यात काय खायचं ते पुढच्या आठवड्यात बघू. सकाळी तिनं प्रबुद्धला कोंबडी आणायला पाठवलं आणि नेहमीपेक्षा जास्त सांगितली. खोबरं भाजायला घेतलं. बटाटे नाहीत. संघमित्रानं विळीवर बटाटे नाहीत हे पाहून सासूकडं बघितलं आणि कणीक मळायला बसली. भाकरी चंपाच्या, चपात्या तिच्या, अशी वाटणी होती.

साडेबाराला ताटं मांडली आणि दारावरची बेल वाजली. जुन्या वस्तीतले शेजारी, सीतारामभाऊ आणि त्यांची बायको. अक्का जाणार असं कळलं म्हणून भेटायला आलो, जयभीम घालतो आणि निघतो, असं ते उंबऱ्यातच म्हणाले. सीतारामभाऊ कुठंही गेले तरी घरून जेवून आलेले असत आणि तिथं पुन्हा जेवत. चंपाच्या तोंडून तीस वर्षांच्या सवयीनं आपोआप निघालं, आता आलात तर जेवूनच जायचं. मागं संघमित्राच्या लाटण्याचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

चंपानं रश्श्यात तांब्याभर उकळतं पाणी घातलं, शेंगदाण्याचं कूट घालून तो सारखा केला. बटाट्यांची आता खरी आठवण झाली, पण वेळ गेली होती. पहिल्यांदा वाढून झालं. सगळे जेवू लागले. सीतारामभाऊ जुन्या दिवसांचं बोलत होते, एका नळावर चाळीस घरं असताना चंपा सगळ्यांच्या कळश्या कशा रांगेत लावायची ते. अंबादास हसत होता. कंपनी कशी चाललीय, असं त्यांनी मध्येच विचारलं, आणि अंबादासनं, चालू आहे ना, म्हणून कांदा मागितला.

दुसऱ्यांदा वाढायला चंपा पातेलं घेऊन उभी राहिली. पळी तळाला लागली. तिनं सीतारामभाऊंना वाढलं, त्यांच्या बायकोला वाढलं, आणि मनात काही यायच्या आत हातानं आपलं काम केलं. पळी काठावर दोनदा वाजली.

तिची तिलाच लाज वाटली. तिनं मान वर केली.

प्रबुद्धनं हात पाण्याच्या पेल्याकडं नेला होता. अंबादासचा हात पोटावर होता. संघमित्राचा तळहात ताटावर आडवा आला होता, आणि तिच्या शेजारी, अगदी त्याच क्षणाला, अक्काचाही. सुरकुतलेला एक हात ताटावर, दुसरा गळ्यातल्या काळ्या मण्यांच्या पोतीशी टेकलेला. दोघींचे हात एकाच मापाने उचलले गेले होते. अक्कानं पातेल्यात बघितलंसुद्धा नव्हतं. तिचं लक्ष सीतारामभाऊंच्या गोष्टीकडं होतं.

चंपा पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. सीतारामभाऊंनी विचारलं, वहिनी, थकल्या का? ती म्हणाली, नाही हो, भाकरी आणते.

पाहुणे गेले. प्रबुद्ध अक्काची पिशवी बांधायला लागला, अंबादासनं टीव्ही लावला. चंपा ओट्याशी आली. संघमित्रा भांडी आवरत होती. अक्का भिंतीला टेकून, चष्मा कपाळावर चढवून, लसणाच्या उरल्यासुरल्या पाकळ्या सोलत बसली होती. जायच्या दिवशीसुद्धा तिच्या हाताला काम लागायचं.

चंपा तिच्यासमोर खाली बसली.

“अक्का, तुम्हाला तो आवाज कळतो?”

“कंचा?”

“पळीचा.”

अक्का हसली. तिला खालचे दोनच दात होते, ते दिसले. “अगं, माझ्या आयची पळी हाय ती. तू आलीस त्याच्या आधी, सासरी जाईस्तवर, पंधरा वर्सं म्या ऐकली. आमी पाच भावंडं, एका ठोक्याला कुणी हात माघारी घेतला नाही, का दुसऱ्याला फुडं केला नाही.”

संघमित्राच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

 ही नणंद म्हणून, दूरच्या गावची पाहुणी म्हणून, तिच्यासाठी घर हात आखडत होतं. आणि ती ज्या आईची मुलगी, त्याच आईनं दिलेली ही खूण. एवढी साधी गोष्ट दीड महिन्यात चंपाच्या डोक्यात आली नव्हती. सासूच्या चुलीशी तिनं अक्काला कधी बसलेलं बघितलंच नव्हतं. ती आली तेव्हा अक्का कधीच सासरी गेलेली. म्हणून अक्का त्या घरची होती हेच ती विसरून गेली होती.

“दीड महिना तुम्ही अर्धपोटी राहिलात,” चंपा म्हणाली. “मी तुमच्यासाठी वाजवत होते, अक्का. तुम्ही पोटभर जेवावं म्हणून.”

“माझ्यासाठी कशाला? म्या काय पाहुणी हाय?” अक्काच्या आवाजात जरा राग होता. “भावाच्या घरात बसून पोरीच्या तोंडचं खाऊ? ह्या पोरीचं तोंड बघ जरा. रोज सांच्याला दिसत नव्हतं, आता दोन्ही डोळ्यांनी दिसतंय.”

संघमित्रानं तोंड भांड्यांकडं फिरवलं.

मग अक्कानं हातातली पाकळी खाली ठेवली आणि आवाज बारीक केला. “पहिल्या आठवड्यात दोनदा वाजली, म्या म्हनलं, असंल, महिन्याची अखेर असंल. मग पगार झाला असंल तवाबी वाजली. रोज वाजली. चंपे, आमच्या घरीबी दुष्काळाच्या सालाशिवाय रोज वाजत नव्हती. काय झालंय?”

खोलीच्या दुसऱ्या टोकाला अंबादासनं टीव्हीचा आवाज कमी केला होता. प्रबुद्धच्या हातात पिशवीची दोरी होती, गाठ अर्धी.

चंपाच्या जिभेवर नेहमीची सगळी उत्तरं होती. काही नाही हो. सगळं झकास आहे. जरा महागाई. तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो भिंतीकडं बघत होता, पण मान हलली नव्हती, नको म्हणून हलली नव्हती. तिनं सुनेकडं बघितलं. संघमित्रा आता तिच्याकडंच बघत होती, जणू सासूच्या तोंडून हे ऐकायलाच ती या घरात आली होती.

चंपानं पदर सारखा केला.

“पुरत नाही, अक्का,” ती म्हणाली. “दोन वर्षं झाली. यांची कंपनी बंद पडलीय, आणि आम्हाला पुरत नाही.”