कडू टोपी

कागदावर मी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञ आहे, पण आमच्या रुग्णालयात त्या नावानं मला कुणी ओळखत नाही. वॉर्डात मी 'हवेवाली मॅडम'. यंत्र हातात घेऊन खोल्याखोल्यांतली हवा मोजत फिरते म्हणून. प्रयोगशाळेत फॉर्मलीनचा वास किती आहे, कुठला पंखा हवा बाहेर टाकायच्या ऐवजी आत ओढतो, धुलाईखान्यात उकाडा किती, हे सगळं मी लिहून ठेवते. रोग्यांची काळजी डॉक्टर-नर्सांनी घ्यायची. इथे राबणाऱ्यांना कामापायी आजार होऊ नये, हे मी बघायचं. असं समजावून सांगितलं की लोक मान डोलावतात आणि मग हमखास विचारतात, "मंग तुमी सुई नाई टोचत का?"

मी मूल गावची. बाप राइस मिलमध्ये तीस वर्षं कोंड्याच्या धुळीत उभा राहिला आणि शेवटची पाच वर्षं खाटेवर बसून खोकला. त्या मिलमध्ये कुणी हवा मोजली नाही. मी या कामात आले ती त्यामुळे, आणि आपण हे काम चोख करतो असा मला तोरा होता. होता म्हणते, कारण पुढचं सांगायचं आहे.

गेल्या जानेवारीत क्षयरोगाच्या वॉर्डासाठी नवे मास्क आले. मास्क नुसता लावून भागत नाही. तो चेहऱ्याला गच्च बसला पाहिजे. कडेनं हवा शिरली की तो असून नसल्यासारखाच. ते तपासायची एक रीत आहे. माणसानं मास्क लावायचा, वरून डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकची मोठी टोपी घालायची, आणि आपण त्या टोपीत कडूजहर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. मग त्यानं मान वळवायची, वाकायचं, मोठ्यानं बोलायचं. जिभेला कडू लागलं तर मास्क गळतो, म्हणजे नापास. नाही लागलं तर पास. आमच्या लोकांनी तिचं नाव लगेच 'कडू टोपी' ठेवलं.

या सगळ्याच्या आधी एक पायरी असते. मास्क न लावताच तो फवारा मारून बघायचं, की या माणसाला मुळात कडू कळतं का. ती पायरी मी गाळली. का गाळली तेही सांगते. त्या रात्री वडश्याच्या नाटकात माझी मावसबहीण काम करत होती, आणि रुग्णालयाची जीप पाचला वडश्याला निघणार होती. सव्वीस माणसांना दोन-दोनदा टोपी घातली असती तर सात वाजले असते. कडू न कळणारा माणूस असतो का कुठे, असं मी मनाशी म्हटलं आणि सगळ्यांना सरळ मास्क लावायला लावले.

सव्वीसच्या सव्वीस पास झाले. एवढा निकाल शाळेनं लावला तरी लोक संशय घेतात. मी घेतला नाही. सही केली, फाइल आमचे अधीक्षक डॉ. ठवरे यांच्या टेबलावर ठेवली आणि जीप गाठली.

त्या सव्वीसांत नीलाबाई होती. क्षयरोग वॉर्डातली मावशी. थुंकीचे डबे उचलणं, चादरी बदलणं, म्हाताऱ्या रोग्यांना चार घास भरवणं, ही तिची कामं; म्हणजे रोग्याच्या तोंडाशी सगळ्यांत जास्त वेळ तीच. वय पन्नाशीचं, बांधा बारका, चेहरा मुठीएवढा. धानोरा रोडवरच्या जंगलातल्या गावाहून रोज बसनं यायची. टोपीतून ती म्हणाली होती, "काईच नाई लागत मॅडम. पान्यावानी हाय." मी शाबासकी दिली होती.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी आमच्या खानावळीत स्वयंपाकी मंगरूभाऊनं वरणात दोनदा मीठ टाकलं. पहिला घास तोंडात गेला आणि मी तो परत काढला. समोर नर्स स्वाती बसली होती, तिनंही ताट बाजूला सारलं. पण त्याच बाकावर वॉर्डातली सात माणसं होती आणि ती सगळी निवांत वरण-भात कालवून खात होती. वॉर्डबॉय रोशननं तर आणखी वाटीभर मागून घेतलं.

"नीलाबाई, खारट नाई लागत का?" मी विचारलं.

"बरं तं हाय," ती म्हणाली.

मंगरूभाऊनं स्वतः बोट बुडवून चाटलं आणि त्याचा चेहरा पडला. "अरे, जहर झालं हे. तुमी खाऊन काऊन राह्यले?"

आम्ही हसलो. स्वाती म्हणाली, "खर्रा खाऊन खाऊन जिभा मेल्या यांच्या." सगळे आणखी हसले. मला मात्र टोपीतली नीलाबाई आठवली: 'पान्यावानी हाय.'

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला माल. आमच्याकडे पाहुण्याला पाण्याआधी खर्रा विचारतात, बाया आणि पुरुष दोघांनाही. रुग्णालयात बंदी आहे, फाटकावर चौकीदार खिसे तपासतो. पण गाल कोण तपासणार? मास्क आल्यापासून तर सोयच झाली होती. तोंडावर मास्क असला की गालातला तोबरा कुणाला दिसत नाही. वॉर्डात लोक नियम पाळून मास्क लावतात याचं मला कौतुक होतं; त्या नियम पाळण्याचं निम्मं कारण हे होतं. जानेवारीत टोपीखाली बसलेल्या सव्वीस जणांतल्या कितींच्या गालात खर्रा होता, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी जेवण टाकून उठले. कपाटातून फवारा आणला आणि रोशनला जीभ बाहेर काढायला सांगितली. मास्क नाही, टोपी नाही, सरळ उघड्या तोंडावर मारला.

"कसं लागलं?"

"काई नाई, मॅडम. काय होय हे?"

नीलाबाईवर मारला. तिनं जीभ टाळूला लावून बघितली, विचार केला आणि म्हणाली, "पानी."

तिथून मी तडक डॉ. ठवरेंकडे गेले. ते नागभीडचे, मला मुलीसारखं वागवतात. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "पहिली पायरी काऊन नाई केली?"

मी नाटकाचं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला.

"सोमवारी तपासणीवाले येऊन राह्यले, पुनम. फायलीत सव्वीस पास हाय. तू मंगळवारपासून सगळ्यांचं परत कर. पाच-सहा दिवसांचा तं सवाल हाय. आठ महिने गेलेच ना."

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. माझी चूक सोमवारपर्यंत झाकली जात होती, आणि झाकणारी मी नव्हते, साहेब होते. मी "हो सर" म्हणून बाहेर पडले.

फाटकाशी नीलाबाई बसची वाट बघत उभी होती. मुलगी दीपाली बाळंतपणाला आलेली, नात दोन महिन्यांची. नीलाबाईचा जीव सगळा त्या पोरीत. ती खोकली. दोनदा, कोरडं. मग मला बघून हसली.

"किती दिवस झाले खोकल्याले?" मी विचारलं.

"असन महिना. चुलीच्या धुरानं होऊन राह्यलं. मॅडम, आज लवकर जातो. पोरीले माझ्या हातची मालिश लागते. नाई तं रातभर झोपतच नाई."

बस समोरून येताना दिसत होती. सोमवार पाच दिवसांवर होता. त्या पाच दिवसांत ती रोज या वॉर्डातून निघून जाणार होती आणि त्या पोरीला मांडीवर घेणार होती.

"नीलाबाई, थांबा," मी म्हटलं. "आज बस सोडा. थुंकी तपासाची हाय."

त्या संध्याकाळी मी साहेबांना परत भेटले आणि मंगळवारपर्यंत थांबणार नाही असं सांगितलं. ते चिडले. तपासणीचं काय, रुग्णालयाच्या नावाचं काय, असं बरंच बोलले. मग फाइल माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "जुन्या कागदावर तूच लिही, चाचणी रद्द म्हणून. कारणही लिही." मी लिहिलं. आपल्याच सहीखाली आपलीच चूक लिहिताना अक्षर फार बारीक येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कुणाच्याही तोंडात खर्रा नाही, असा हुकूम काढला. दुपारपर्यंत वॉर्डात जो तो एकमेकांवर खेकसत होता. चुळा भरायला लावून मी सगळ्यांना रांगेत बसवलं, आणि या खेपेला आधी उघड्या तोंडावर फवारा मारला. चौघांना तेव्हाही काहीच कळेना. त्यांना वॉर्डातून काढून दुसरीकडे काम दिलं. उरलेल्या बावीसांतले तेरा नापास. रोशननं टोपीतून थू थू केलं आणि मला शिवी दिली, ती मी आनंदानं ऐकून घेतली.

त्या तेरा नापासांत नीलाबाई होती. तिचा मास्क हनुवटीखाली बोटभर उघडा राहत होता. तिला लहान मापाचा लागत होता आणि लहान मापाचे दोन डबे जानेवारीपासून माझ्याच कपाटात पडून होते. सगळे पास झाले म्हटल्यावर ते काढणार कोण?

शुक्रवारी दुपारी तिच्या थुंकीचा निकाल आला. क्षयरोग. ती तोवर घरी गेली होती. निकाल येईपर्यंत पोरीला लांब ठेवा, हे मीही तिला सांगितलं नव्हतं.

साहेबांनी माझी समजूत घातली. म्हणाले, हा रोग गावातूनही लागला असेल, जंतूवर काही पत्ता लिहिलेला नसतो. ते खरं आहे. मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

क्षयरोगाचं काम बघणारा लोकेश गोळ्या घेऊन तिच्या गावी निघाला, तेव्हा मी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले. त्यानं सांगितलं, "मॅडम, तुमचं काम नाई हे." मी म्हटलं, चल.

नीलाबाई अंगणात पाय लांब करून बसली होती. नात पायांवर, अंगाला तेल चोपडलेलं. दीपाली शेजारी धान पाखडत होती. लोकेशनं सगळं नीट सांगितलं. गोळ्या सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. दीपालीची आणि बाळाची उद्याच तपासणी, बाळाला आजार नसला तरी औषध द्यावं लागेल. भरपगारी रजा मंजूर आहे. नीलाबाई ऐकत होती आणि तिचे हात नातीच्या पोटावर तेल जिरवत होते.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमी तं मले पास केलं होतं."

"हो. माझं चुकलं. तुमाले कडू कळते का नाई, हे आधी पाहाचं असते. मी पाह्यलंच नाई."

"काऊन?"

खोटं सांगता आलं असतं. गर्दी होती, वेळ नव्हता. "वडश्याले नाटक होतं," मी म्हटलं. "जीप सुटून जाईन म्हणून घाई केली."

तिनं दीपालीला गोंडीत काहीतरी सांगितलं. मला त्यातलं 'टीबी' आणि 'नाटक' एवढंच कळलं. दीपालीनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कसं होतं नाटक?" नीलाबाईनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

"बरं होतं," मी म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नीलाबाईनं नातीला पालथं घालून पाठीला तेल लावलं. मग तिनं विचारलं, "हिले घेतलं तं चालन ना? मालिशपुरतं."

लोकेश माझ्याकडे बघायला लागला. हे सांगणं त्याचं काम होतं, पण ते मीच सांगायचं होतं.

"नाई," मी म्हटलं. "दोन आठवडे तरी नाई. गोळ्या लागू पडल्या का पाहू, मंग डॉक्टर सांगतीन."

"दोन आठवडे," ती म्हणाली. तिनं नातीच्या मुठीतून आपलं बोट सोडवून घेतलं, तिला दुपट्यात गुंडाळलं आणि दीपालीकडे दिली. हात धुतले. मग अंगणाच्या पार टोकाला, बैलगाडीच्या पलीकडे जाऊन बसली.

पोर रडायला लागली. दीपालीनं तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, तिच्या पाठीवर तेलाचा हात फिरवून पाहिला. ती राहीना. तेव्हा नीलाबाई तिथूनच, जरा मोठ्या आवाजात, तिच्यासाठी गाणं म्हणू लागली. मध्ये खोकला आला की थांबायची आणि तोंड जंगलाकडे वळवायची.