बूट घालून झोपणारी सून

"बूट घालून झोपते. पांघरुणात. बूट." ओर्फेलिनाने दुकानाच्या फळीवर कोपर टेकवून एकेक शब्द सुटा करून सांगितला. "पोराने वाळवंटातली बायको आणली. म्हटलं, पाण्याची सवय नाही, होईल हळूहळू. तर ही रोज रात्री आधी बूट चढवते, मग उशाशी पिशवी ठेवते, आणि मग देवाचं नाव घेते. देवाचा नंबर तिसरा."

"धरणीकंपाला भीत असेल, ओर्फेलिनाबाई," दुकानवाली एदुविना म्हणाली.

"धरणीकंप काय एकट्या हिच्याकडे येणार आहे? आम्ही काय इथे पाहुणे आहोत?"

दक्षिण चिलीतल्या चिलोए बेटाच्या त्या किनाऱ्यावर ही तक्रार आता सगळ्यांना पाठ होती. सून यास्ना समुद्रात शिंपले वाढवायच्या तराफ्यांवर कामाला जाई, तेही नारिंगी तरंगतं जाकीट घट्ट आवळून, हेही पाठ होतं. मुलगा कामासाठी दक्षिणेला. घरात दोघीच. त्यामुळे ओर्फेलिनाला बोलायला विषय एकच होता, आणि तो तिला पुरत होता.

मग त्या दिवशी रेडिओवर निरोप आला.

बेटाबेटांचे निरोप दुपारी रेडिओवर वाचत. कुणाचा बैल हरवला, कुणाला मुलगी झाली, कुणी दवाखान्यातून घरी निघालं. जेवता जेवता सगळा किनारा ऐके. हरवलेल्या बैलाचा निरोप वाचावा त्याच आवाजात निवेदकाने पुढचं वाचलं: "ओर्फेलिनाला तिच्या बहिणीचा, झुनिल्दाचा निरोप. माझं आता उठणं होत नाही. भेटायचं असेल तर ये. डुकरिणीचं कारण मागच्या वेळी झालं, गुडघ्याचं त्याच्या आधी. होडीची भीती वाटत असेल तर तसं सांग. मी रागावणार नाही."

"बंद कर तो," ओर्फेलिना म्हणाली.

यास्नाने रेडिओ बंद केला. शेजारच्या घरातला चालूच होता.

मग ओर्फेलिनाने ताटली पुढे सरकवली. "डुकरीण खरंच विणार होती तेव्हा."

"हो."

"हो म्हणू नकोस असं."

खरं काय ते गावातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं, पण तिच्या तोंडावर काढायची कुणाची छाती नव्हती. एकोणीसशे साठ सालच्या मे महिन्यात जमीन हलली तेव्हा ओर्फेलिना लग्नाच्या वयाची होती, झुनिल्दा परकरी पोर. हलणं थांबेना, तेव्हा बापाने शहाण्या माणसासारखा विचार केला. आज भरवसा नाही तो जमिनीचा. होडी तर जन्मभर हलतेच आहे, तिला काय होतंय? त्याने आईला आणि दोन्ही भावांना होडीत बसवलं आणि वल्ही मारली. बहिणी तेवढ्या टेकडीवर होत्या, मेंढ्या आणायला गेलेल्या. वरून त्यांनी समुद्र मागे जाताना पाहिला. मग परत येतानाही पाहिला, होडीशिवाय.

त्यानंतर ओर्फेलिनाने होडीत पाय ठेवला नाही. झुनिल्दाने मात्र समोरच्या बेटावरचा नवरा केला आणि लग्नाच्या दिवशी होडीत उभी राहून हात हलवत गेली. तो हात ओर्फेलिनाला अजून पटलेला नव्हता. पुढे सणासुदीला झुनिल्दाच यायची. तिचे पाय गेले आणि येणं थांबलं. मधलं पाणी तेवढं राहिलं. स्वच्छ दिवशी पलीकडच्या चुलीचा धूर इकडून दिसे.

"उद्या मी येते सोबत," यास्ना म्हणाली.

"तू? बूट घालून झोपणारी मला धीर देणार?"

"मी बूट घालते म्हणून मला झोप लागते, आई." यास्ना ताटल्या गोळा करत होती. "तुम्ही अनवाणी झोपता. पण मी कधीही उठले तरी तुम्ही जाग्याच असता."

"म्हातारपणाची झोप ती," ओर्फेलिना म्हणाली. आणि थोड्या वेळाने, पाठ फिरवून: "बाऊदिलिओला विचार, सकाळी होडी काढतो का."

सकाळी ती काळा कोट घालून किनाऱ्यावर आली. हातात कापडात बांधलेले मिल्काओ. बटाट्याच्या त्या भाकऱ्या झुनिल्दाला चुलीवरून उतरल्या उतरल्या लागत. अर्ध्या गावाला त्या सकाळी किनाऱ्यावर काही ना काही काम निघालं होतं.

होडीवाला बाऊदिलिओ हनुवटी खाजवत उभा होता. "वारा उत्तरेचा आहे, बाई, वादळाचा. तसं जाता येईल म्हणा." वाऱ्यापेक्षा तो तिच्या जिभेला जास्त भीत असे.

यास्नाने पाण्याच्या मध्यावर पाहिलं. तिथे पांढरं उधळत होतं. "आज नाही."

ओर्फेलिना तिच्या अगदी जवळ आली. "इथवर आलेय मी," ती हळूच म्हणाली. "आज नाही बसले तर पुन्हा बसणार नाही. मी कशी आहे ते मला माहीत आहे."

"आज भ्यायचाच दिवस आहे, आई. उद्या नसेल. उद्या तुम्हाला उचलून होडीत ठेवीन."

"भित्री," ओर्फेलिना म्हणाली. हे मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हो," यास्ना म्हणाली.

दुपारी वाऱ्याने किनाऱ्याशी बांधलेली एक होडी पालथी घातली. ओर्फेलिनाने खिडकीतून ते पाहिलं आणि पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पाणी तेलासारखं पडलेलं. ओर्फेलिनाने उठल्या उठल्या ताजे मिल्काओ केले आणि ते भाजेपर्यंत तीन कारणं शोधून ठेवली. पण यास्ना नारिंगी जाकीट घेऊन दारात उभी.

"ह्यात मी भोपळा दिसेन."

"भोपळा बुडत नाही."

होडीत तिने दोन्ही हातांनी फळी धरली आणि समोरच्या यास्नाच्या बुटांवर नजर रोवली. जाड तळ, घट्ट नाड्या, टाचेला चिखल. मध्यावर गेल्यावर एकदाच मान वर केली. मागे ती टेकडी होती. तिच्या मनात ती टेकडी फार उंच होती. पाण्यावरून पाहिली तर एवढीशी.

"आलं," बाऊदिलिओ म्हणाला.

"काय आलं?"

"बेट, बाई."

ओर्फेलिनाने कापडावर हात ठेवला. मिल्काओ अजून गरम होते.

किनाऱ्याच्या दगडगोट्यांवर झुनिल्दाचा मुलगा रेमिहिओ उभा होता. दंडाला काळी फीत. त्याने मावशीला हात देऊन उतरवून घेतलं. "पहाटे गेली," तो म्हणाला. "काल दिवसभर खिडकीशी बसवा म्हणत होती." मग त्याने यास्नाकडे पाहिलं. त्या पाण्यावर बातमीला होडी लागत नाही. "काल हिने अडवलं म्हणे."

ओर्फेलिना कापडाचं गाठोडं छातीशी धरून चढण चढली.

घर माणसांनी भरलं होतं. शवपेटीभोवती बायका जपमाळ म्हणत होत्या. ओर्फेलिना बहिणीजवळ गेली, गाठोडं सोडलं, मिल्काओ उशाशी ठेवले. कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. हात काढला तेव्हा लक्षात आलं, सून मागे नाही.

यास्ना उंबऱ्याबाहेर वाकली होती. आतली फरशी मेणाने घासलेली. ती बुटांच्या नाड्या सोडत होती, पण इतक्या सावकाश की सोडणं संपूच नये. रेमिहिओ दाराशी हाताची घडी घालून उभा होता. आत चल असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

ओर्फेलिना दारापर्यंत परत आली. जपमाळ म्हणणारे आवाज एकेक करून खाली आले.

"बूट काढू नकोस," ती म्हणाली. "तू मला एक दिवस अडवलंस, ते बरोबर केलंस. बाकीची सगळी वर्षं माझी मीच अडले. रेमिहिओ, वाटेतून बाजूला हो. आणि तू आत ये पोरी, बूट घालूनच ये."