कोपरावरचा डाग

स्टेडियम बघायला जायचं आणि खेळ बघायचा नाही, हे मला आधी पटतच नव्हतं. तिकीट काढा, रांग लावा, आणि आत जाऊन रिकाम्या खुर्च्या बघून परत या. रिकामी खुर्चीच बघायची तर दुपारी आमच्या लाँड्रीत या म्हणावं, एक आहे, तीही डुगडुगणारी. पण आमची माऊ तिथे लोकांना स्टेडियम दाखवायच्या कामाला लागली होती. लेकीचं काम मी नाही बघायचं, तर काय शेजारणीने बघायचं?

माऊ हे तिचं नाव गिऱ्हाइकांनी पाडलेलं. शाळेतून आली की धुवायच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर अंग चोरून बसायची आणि तिथूनच सगळ्यांकडे टुकूटुकू बघायची. कोणी काही विचारलं की ती माझ्याकडे बघायची आणि मी उत्तर द्यायची. कितवीत आहेस, मी सांगायची. भूक लागली का, तेही मीच सांगायची. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक, त्यामुळे तिचं कधी अडलं नाही. अशी पोर परक्या लोकांपुढे सलग बोलत राहणार, हे मला खरंच वाटेना.

आधी ती तिकीटखिडकीत होती, काचेच्या आड. तिथून हट्टाने हे काम मागून घेतलं. आता शिकाऊ मुदत संपत आली होती आणि तिच्या मोठ्या मॅडम स्वतः लोकांबरोबर फिरून तिला जोखणार होत्या. जमलं तर काम कायमचं, नाही तर परत काचेच्या आड. माऊ म्हणाली, दुसऱ्या कुठल्याही दिवशी या. पण आमची लाँड्री बंद असते ती नेमकी त्याच वारी, आणि मी एकदा जायचं म्हटलं की म्हटलं. शेवटी तिने अट घातली.

"ये, पण तू मला ओळखत नाहीस असं वाग. एक शब्दही बोलू नकोस, आई."

मला ते फार लागलं. भांडी आपटून झाली, तरी राग जाईना. एवढं लहानाचं मोठं केलं आणि आता हिला लाँड्रीवाल्यांची पोर म्हणवून घ्यायची लाज वाटते होय? आमचे हे तिचा निळा कोट इस्त्री करत होते. मान वर न करता म्हणाले, तसं नसेल. यांचा सगळा संसार 'तसं नसेल'वरच चाललाय.

बाहेरून ते स्टेडियम एखादं भलंमोठं घमेलं उपडं घातल्यासारखं दिसत होतं. आम्ही दाराशी घोळक्यात उभे राहिलो. शेजारी एक टोपीवाले आजोबा होते, गळ्यात कॅमेरा. त्यांनी मला विचारलं, पहिल्यांदाच आलात का. मी मान हलवली. कुठून आलात म्हणाले, मी बोटाने लांब कुठेतरी दाखवलं. त्यांना वाटलं असणार बाई मुकी आहे, कारण पुढचं सगळं ते माझ्याशी खुणांनी बोलायला लागले. आमच्या ह्यांनी हसू लपवायला रुमाल काढला. घरी चला, मग दाखवते, असं मी डोळ्यांनीच सांगितलं.

मग माऊ आली. कोटाला एक चुणी नाही, केस चापून बांधलेले. मागे मॅडम, हात पाठीशी बांधून, चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही. माऊचा आवाज सुरुवातीला इतका बारीक की मागच्या बाईने 'काय?' म्हटलं. वर खुर्च्यांमध्ये नेऊन ती मिटणारं छत दाखवत होती, तेवढ्यात कोणीतरी विचारलं, सामना चालू असताना वीज गेली आणि छत अर्ध्यात अडकलं तर? माऊ थांबली. तिची नजर सरळ माझ्याकडे आली, गठ्ठ्यावरून यायची तशी. माझी जीभ वळवळली. पण मला छतातलं काय कळतंय? मी मुकाट्याने वर बघत राहिले. आणि माऊने उत्तर दिलं. नीट, सावकाश, शेवटपर्यंत.

तिथून तिचा आवाज खुलला. खाली मैदानाच्या कडेला नेलं, तर हिरव्यागार गवतावर चाकांवरचे मोठमोठे दिवे लावून ठेवलेले. उंच भिंतींमुळे ऊन पोचत नाही, म्हणून गवताला दिव्यांचं ऊन देतात, असं तिने सांगितलं. गवताचे एवढे लाड! पण सांगत होती इतकं छान की मी राग विसरले. ही माझी लेक आहे हो, असं ओरडावंसं वाटत होतं. नुसते शब्द गिळत राहिले.

मग खेळाडूंची कपडे बदलायची खोली. बाकं, खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीला जर्सी. माऊ मधोमध उभी राहून गोलकीपरची गोष्ट सांगायला लागली. अंतिम सामना, शेवटची घटका, चेंडू कोपऱ्यातून आत शिरतोय, आणि गोलकीपरने अंग झोकून दिलं. सगळे श्वास रोखून ऐकत होते. मी भिंतीला टेकून होते, आणि माझ्या नाकासमोरच्या खुंटीला एक पिवळी जर्सी होती. तिच्या कोपरावर हा एवढा डाग. चिखल आणि गवत.

माझ्या पर्समध्ये डागाच्या साबणाचा तुकडा असतोच. लग्नाला गेले तरी असतो. हात कधी पर्समध्ये गेला, रुमालाला बाटलीतलं पाणी कधी लावलं, देवाशपथ मला कळलं नाही. एवढ्या मोठ्या जागेत असा कपडा टांगतात, आणि उद्या नाव कोणाचं खराब होणार, माझ्या लेकीचं. मी घासायला लागले. डाग बरा सुटत होता.

"आणि म्हणूनच," माऊ म्हणाली, "हा डाग आजपर्यंत कोणीही धुतलेला नाही."

सगळ्यांनी वळून जर्सीकडे पाहिलं. जर्सीबरोबर मीही होते, हातात फेसाचा रुमाल घेऊन. डाग अर्धा उरला होता.

आमचे हे एकदम छताचा अभ्यास करायला लागले. मॅडम पुढे आल्या आणि विचारलं, या बाई कोण आहेत? पोरीचं काम माझ्या हाताने बुडालं, दुसरं काही डोक्यात नव्हतं. निदान तिचं नाव तरी यात नको. मी म्हटलं, "मी कोणी नाही. अशीच आले फिरायला."

टोपीवाले आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. मुकी बाई बोलली होती.

माऊचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण ती चालत आली आणि माझ्याजवळ उभी राहिली.

"ही माझी आई आहे," ती म्हणाली. आवाज असा की दाराबाहेरही ऐकू जावा. "आमची लाँड्री आहे. तिच्यासमोर डाग टिकत नाही. त्या दिवशी गोलकीपरला कोणी चकवू शकलं नाही, आज माझ्या आईने चकवलं."

आधी आजोबा हसले, मग सगळेच. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मला हसू येईना आणि रडूही आवरेना. साबणाच्या रुमालानेच डोळे पुसले, ते वेगळेच झोंबले. माऊने लोकांना पुढच्या दालनात नेलं आणि गोष्ट जिथे राहिली होती तिथून उचलली.

मॅडम मागे थांबल्या. मी हात जोडून काही बोलणार, तर त्यांनीच हळूच सांगितलं की खरी जर्सी वर काचेत कुलूपबंद आहे. ही नक्कल. लोक हात लावून लावून डाग पुसतात, म्हणून मैदानाचा माळी अधूनमधून ताजा चिखल लावून देतो. बाहेर बोलू नका म्हणाल्या. मग म्हणाल्या, "शिकाऊ लोकांना आम्ही हे सांगत नाही. तुमच्या मुलीलाही माहीत नव्हतं."

मला ते कळायला थोडा वेळ लागला. खरी जर्सी आईने बिघडवली असं समजून पोर माझ्याजवळ येऊन उभी राहिली होती. कामाचं काय, हे मी घाबरत घाबरत विचारलं. मॅडम म्हणाल्या, काचेच्या आड बसवण्यासारखी मुलगी नाही ही.

बाहेरच्या दाराशी माऊ आम्हाला पोचवायला आली. मी तोंड फुगवूनच विचारलं, मग आधी माझी लाज का वाटत होती?

"लाज कसली, आई? तू समोर दिसलीस की मी गप्पच होते. वाटतं, आता तू बोलशील."

आमचे हे म्हणाले, तसं नसेल असं मी म्हटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं, म्हणून मी त्यांना मिरवू दिलं.

तेवढ्यात टोपीवाले आजोबा आले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, किती गोड बोलते तुमची मुलगी. लहानपणापासून अशीच का?"

मी तोंड उघडलं. सवयच ती. माऊ माझ्याकडे बघत होती.

"ही काय समोर उभी आहे," मी म्हटलं. "तिलाच विचारा."

आणि माऊ त्यांना गठ्ठ्यापासून सगळं सांगायला लागली.