न कळणाऱ्याची खुर्ची

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना आपलं काम चार माणसांना कळेल असं सांगायला शिकवणं, ही बाईंची नोकरी. आठवड्याला एक तास, तोही जेवणाच्या सुट्टीनंतरचा. पहिल्या वर्षी मुलं एकमेकांची भाषणं ऐकून माना डोलवत. कळत कुणालाच नसे, पण तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. मग बाईंनी आपल्या वडिलांना आणून पहिल्या रांगेत बसवलं.

वडील शिंपी. विज्ञानाशी संबंध पंख्याच्या बटणापुरता. नियम एकच: कळलं नाही की त्यांनी हात वर करायचा आणि बोलणाऱ्याने ते पुन्हा सांगायचं. सात वर्षं त्यांनी मजेत हात वर केला. बाहेरच्या परीक्षकांना सहज गुंडाळणारी मुलं या आजोबांच्या हाताला टरकून असत.

हिवाळ्यात ते गेले. शिपायाने ती खुर्ची दोनदा उचलून नेली, बाईंनी दोनदा परत आणली.

वर्षअखेरीच्या सादरीकरणाला विभागप्रमुख म्हणाले, आजोबांच्या जागी मीच बसतो. हा तास पुढे ठेवायचा की नाही, हे त्यांना त्याच दिवशी लिहून द्यायचं होतं. बाईंना तास हवा होता. तास गेला की खुर्चीही जाणार, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

प्रमुखांचा हात काही वर गेला नाही. मान मात्र छान हलत होती. चौथा मुलगा उठला, ज्याला सगळे भोंगा म्हणत. जमिनीखालच्या पाइपातली गळती आवाजावरून ओळखणारं यंत्र, दोन वर्षांचं काम, मार्गदर्शक खुद्द प्रमुख. भोंग्याने सांगितलं, की प्रणालीच्या कार्यक्षमतेवर परिसरातील ध्वनिपातळीच्या सापेक्ष मर्यादा आढळल्या. प्रमुखांनी डोळे मिटून मान डोलवली.

मागे भिंतीशी बसलेल्या बाईंनी हात वर केला. तो एवढा जड असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

प्रमुख वळले. "बाई, तुम्हीच शिकवता आणि तुम्हालाच कळत नाही?"

"नाही कळलं, सर."

भोंगा सवयीने पुन्हा सुरू झाला. यंत्राला शांतता लागते, म्हणाला. हात वरच होता. म्हणजे रस्त्यावर वर्दळ नको, शेजारचा पंपही बंद हवा. हात तसाच. भोंग्याने कपाळ पुसलं.

"पंप बंद म्हणजे पाइपात पाणी नाही. आणि पाणी नाही म्हणजे गळतीचा आवाज नाही. म्हणजे…" तो थांबला. स्वतःचंच वाक्य पहिल्यांदा ऐकत असल्यासारखा. "म्हणजे बाई, आमचं यंत्र चालतच नाही."

बाईंनी हात खाली घेतला. वर्गात कुणी हसलं नाही. प्रमुखांची मान तेवढी हलायची थांबली होती.

संध्याकाळी पत्र आलं. विद्यार्थी आता पुरेसं स्पष्ट बोलू लागले आहेत, सबब हा तास पुढच्या वर्षापासून बंद.

बाईंनी लाल पेन उघडून पत्र दोनदा वाचलं. खोडावा असा एक शब्द नव्हता. इतक्या वर्षांत प्रमुखांनी लिहिलेलं हे पहिलंच वाक्य, जे वडिलांना एका फटक्यात कळलं असतं.