दिन्ह म्हाताऱ्याच्या घरातलं पहिलं पाऊल

तेतच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी घरात पहिलं पाऊल ज्याचं पडतं, त्याच्यावर अख्खं वर्ष कसं जाणार ते ठरतं, असं आमच्या गावात मानतात. दिन्ह म्हातारा तर जरा जास्तच मानायचा. गेल्या तेतला कोणीतरी आगंतुक पहिला घरात शिरला, आणि वर्ष सरायच्या आत बदकांचा कळप रोगानं मेला, मुलाची नोकरी गेली, तो तैवानच्या कारखान्यात गेला. म्हाताऱ्यानं त्याचा असा धसका घेतला की यंदा फाटकाला आतून कुलूप! सकाळी आठला पहिलं पाऊल टाकायला मुद्दाम बोलावलेले खांगकाका येणार होते. भरला संसार, म्हाताऱ्याच्या जन्मवर्षाशी जुळणारं जन्मवर्ष. तोवर आत कुणी यायचं नाही, बाहेर कुणी जायचं नाही. घरचं माणूस बाहेर जाऊन परत आलं तरी तेच पहिलं पाऊल धरतात.

साडेसातला सून लोआन पूर्वजांपुढं उदबत्ती लावत होती. तिची चार वर्षांची लेक बोंग साखरेत पाकवलेली कमळाची बी, कमळबी, तोंडात टाकून घरभर हुंदडत होती. एकाएकी पोरीचा आवाज बंद झाला. डोळे मोठे झाले, दोन्ही हात गळ्याशी गेले. ना खोकला, ना रडणं.

लोआननं तिच्या पाठीत धपाटे घातले. काही निघेना. ती पोरीला उचलून अंगणात धावली आणि किंचाळली, "लुआमावशी!"

शेजारची लुआ आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेली परिचारिका. दोन महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला होता. दुखवट्यातल्या माणसानं तेतला कुणाच्या घरी जायचं नसतं, म्हणून बिचारी दार लावून बसली होती. हाक ऐकून ती अनवाणीच फाटकाशी धावत आली. छातीवर दुखवट्याची काळी पट्टी होती.

"बाबा, किल्ली द्या," लोआन म्हणाली.

"खांग येतोच आहे गं. वीस-पंचवीस मिनिटं." म्हाताऱ्यानं किल्लीच्या खिशावर हात दाबला. "ही आत आली तर घर बसेल आपलं. लुआ, तू लांब राहा."

लुआ फाटकाबाहेरून म्हणाली, "दिन्हदादा, भीती मलाही वाटते. उद्या तुमच्याकडं काही वाईट झालं तर गाव मलाच बोल लावणार, हे मला कळत नाही का? पण पोरीचे ओठ निळे पडलेत. ती गेली, तर खांगना आत बोलावून काय करणार आहात तुम्ही?"

म्हाताऱ्यानं नातीकडं पाहिलं. तिची मान आईच्या खांद्यावर लुळी पडत चालली होती. त्यानं किल्ली काढली, ती हातातून पडली, मातीत चाचपडत त्यानं ती पुन्हा उचलली. कुलूप एकदाचं उघडलं!

लुआ आत शिरली, ओसरीवर बसून तिनं पोरीला मांडीवर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर तळहाताचे दणके दिले. एक, दोन, तीन. काही नाही. चौथ्याला कमळबी फरशीवर पडली आणि बोंगनं भोकाड पसरलं! 

लुआ लगेच उठली. "मागच्या दारानं जाते. मी आलेच नव्हते असं समजा."

"बस," दिन्ह म्हणाला. त्यानं स्वतः चहा ओतला आणि दोन्ही हातांनी पेला तिच्यापुढं धरला. मग उघड्या फाटकात जाऊन गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आमच्याकडं यंदा पहिलं पाऊल लुआचं!" आत येऊन मात्र हळूच बोलला, "भीती अजून गेली नाही गं. वर्षभर जायची नाही. पण भीती माझी आहे, तिच्यापायी तू का कोंडून घ्यायचं?"

मंडळी, तेत आपण जरूर करू या. आशीर्वाद घेऊन कुणीतरी दारात यावं, यासाठीच वाडवडलांनी ही रीत घालून दिली. पण ज्याच्या घरी दुःख झालंय, त्यालाच आपण अपशकुन ठरवतो आणि त्याच्यासमोर फाटकाला कुलूप घालतो. आपल्या भीतीची शिक्षा दुसऱ्याला देणं, याला सण म्हणत नाहीत.