समोरच्या दारचा विस्तव

"पुंजा, नगरला निघालोय. काय आनायचं का तुला?"

बाबाजानने छकडा पुंजाराम मकासरेच्या दारापुढेच थांबवला होता. छकडा रिकामा होता. जाताना रिकामं जायचं आणि येताना पेंडीची पोती भरून आणायची, हा त्याचा दर बुधवारचा धंदा. बैल ताजेतवाने होते, शेपट्या उडवत उभे होते.

आत बनुबाई भिंतीला कपाळ टेकून बसली होती. आदल्या दिवसापासून तिचा डोळा ठणकत होता, डोकं फुटेल की काय असं दुखत होतं आणि पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता. एकच डोळा होता तिला. दुसरा लहानपणी देवीत गेलेला. आता या उरलेल्या डोळ्याला दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली होती, आणि दिवसाही सगळं धुरकट दिसत होतं.

पुंजाराम दारात आला, चौकट धरून उभा राहिला. "न्हाई भाई, काय न्हाई. सगळं बेस हाय."

"वहिनी दिसल्या न्हाईत सकाळधरनं."

"आत हाय. कामात हाय."

बाबाजानने एकदा दाराकडे पाहिलं, बैलांना हाकारलं आणि छकडा नगरच्या वाटेला लागला. पुंजाराम आत आला.

"गाडी रिकामी हुती," बनुबाई भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाली. "चाकाच्या आवाजावरनं कळतं."

"हुती."

"मग सांगाया काय झालं हुतं, हिला दवाखान्यात घेऊन चला म्हनून?"

"मी देवाला सांगितलंय."

"देव का गाडी जुंपून येनार हाय?"

पुंजारामने तिच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली. हळूच बदलली. बायकोवर त्याचा जीव नव्हता असं कुणी म्हणेल तर त्याची जीभ झडेल. पण माणूस असा, की मोडेन पण वाकणार नाही.

आमच्या खडकसांगवीत पुंजाराम गवंडी म्हणजे शब्दाचा आणि ओळंब्याचा पक्का. कुणाची भिंत कलली, कुणाचा ओटा खचला, तर न बोलावता थापी घेऊन हजर. ख्रिस्ती मंडळींचं देऊळ त्याच्याच हातचं. समोरच्या बाबाजानच्या घराची पडवी पावसात बसली, तेव्हा पुंजारामने ती दोन्ही हातांनी उभी करून दिली. बदल्यात काय घेतलं? चहाची बशीसुद्धा नाही. बाबाजानची बायको बिबीजान कप घेऊन उभी राहिली, तर म्हणे, "वहिनी, आत्ताच पिऊन आलो." कुठला पिऊन आलाय. घरी गूळ नव्हता आठवडाभर.

लोक ताकाला जातात आणि भांडं लपवतात. हा पठ्ठ्या ताकालाच जात नसे.

याचं मूळ त्याच्या आज्यात होतं. आजा गावचा येसकर महार. दिवेलागण झाली की घुंगरांची काठी आपटत गावात हिंडायचं, प्रत्येक दारापुढे लांब उभं राहून हाक द्यायची आणि वरून टाकलेली शिळी भाकरी घोंगड्यात झेलायची. दिवसभर गावाची चाकरी केल्याचा तो मेहनताना. पण द्यायची तऱ्हा भिकेची. पुढे आज्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी ती काठी त्याने मोडली, नव्या घराच्या उंबऱ्याखाली पुरली आणि घरच्यांना सांगितलं, "आता आपल्या घरातलं कुनी मानसापुढं हात पसरनार न्हाई. मागायचं ते देवाला." त्या दिवशी त्याची पाठ आयुष्यात पहिल्यांदा सरळ झाली असेल, आणि त्याबद्दल आम्ही सगळे त्याला आजही मान देतो.

पण आज्याचा अंगरखा नातवाला बसतोच असं नाही. पुंजारामने तो कधी अंगाला लावून पाहिलाच नाही, घातला आणि गुंड्या लावल्या. कुणाकडे शिडी मागायची वेळ आली की त्याला घुंगरं ऐकू यायची. मीठ मागायलाही तो बनुबाईला जाऊ देत नसे. सकाळी चूल पेटवायला बायका एकमेकींच्या घरून विस्तव आणतात, त्यात कसली आलीय लाज? पण बनुबाईने रात्रीचा निखारा राखेत जपून ठेवायचा आणि तो विझला तर काड्यापेटी वापरायची, असा त्याच्या घरचा नियम होता.

गुरुवारी संध्याकाळी देवळात प्रार्थनासभा भरली. बनुबाईचं दुखणं जास्तच वाढलं होतं, तरी पुंजाराम गेला. सभा चुकवणं त्याला माहीत नव्हतं. त्या दिवशी श्रीमंत मास्तरांनी पक्षघाती माणसाची गोष्ट सांगितली. श्रीमंत हे त्यांचं नाव; ते शाळाही चालवायचे आणि उपदेशही करायचे. चौघांनी त्या आजाऱ्याला बाजेसकट उचलून आणलं, गर्दीतून वाट मिळेना म्हणून घराचं छप्पर उकरलं आणि त्याला प्रभूपुढे खाली सोडलं. ही गोष्ट निघाली की पुंजाराम एक ठरलेली थट्टा करायचा. "मास्तर, ते छप्पर मागून कुनी बसवून दिलं, ते काय लिवलेलं न्हाई." मंडळी हसली. तोही हसला.

मग रिवाजाप्रमाणे मास्तरांनी एकेकाला विचारलं, कशासाठी प्रार्थना करायची? कुणाचा भाऊ लढाईवर होता, कुणाची गाय आटली होती. दगडाबाईने सुनेला दिवस जावेत म्हणून मागितलं. पाळी पुंजारामवर आली.

"पुंजारामदादा, तुमचं काही?"

"माझं देवाला ठावं हाय."

दर गुरुवारचं उत्तर होतं ते, त्यामुळे मास्तर पुढे सरकले. देवाला ठाऊक होतं यात शंका नाही. पण गावाला ठाऊक नव्हतं, आणि गाड्या होत्या त्या गावाकडे. त्या सभेत बैलगाडीवाले दोघे तरी बसले होते.

तो घरी आला तेव्हा बनुबाई डोळ्यावर तळहात दाबून पडली होती.

"काय सांगितलं आज मास्तरांनी?"

"ती छपराची गोष्ट."

"त्याला चौघं हुते," ती म्हणाली. "मी चार न्हाई मागत. येक तरी बोलवा."

पुंजाराम तिच्या अंथरुणाशी गुडघे टेकून बसला. त्याने मनापासून प्रार्थना केली, घाम फुटेपर्यंत केली. ती खोटी होती असं मी कधीच म्हणणार नाही. पण उठून कुणा गाडीवाल्याच्या दारी गेला असता, तर तीही प्रार्थनाच झाली असती, असं आपलं मला वाटतं.

शुक्रवारी फटफटताच त्याने बनुबाईला उठवलं, डोक्याला फडकं बांधलं आणि तिचा हात आपल्या खांद्यावर ठेवून नगरची वाट धरली. पायी. ती दर थोड्या अंतरावर बसायची, ओकायची, पुन्हा उठायची. उन्हं चढली. वाटेवरच्या मोठ्या ओढ्यापाशी तिने विचारलं, "आभाळ आलंय का वो?"

"न्हाई. ऊन हाय की चांगलं."

"मला काय दिसंना."

तो तिथेच थांबला. तिच्या तोंडापुढे हात हलवून पाहिला. तिची पापणी लवली नाही.

दुपारी समोरून छकडा आला. बाबाजान पेंडीची पोती घेऊन परत येत होता. त्याने दोघांना पाहिलं, बैल थांबवले, खाली उतरला. काय झालंय ते त्याला सांगावं लागलं नाही, बनुबाईच्या डोळ्याकडे पाहूनच कळलं.

"कधीपासनं?"

"मंगळवारपासनं," बनुबाईनेच सांगितलं.

बाबाजान पुंजारामकडे वळला. "मी परवा दारात गाडी हुबी केल्ती."

"व्हय."

"तुला इचारलं हुतं. काय म्हनलास? बेस हाय म्हनलास."

बाबाजानने बोलणं तिथेच टाकलं आणि पोती उतरवायला घेतली. एकेक पोतं ओढत बाभळीखाली नेऊन टाकलं. पुंजाराम हात लावायला गेला तर त्याने झिडकारलं. "तू राहू दे. तुझा हात देनाराचा, लई मोठा हाय." मग बनुबाईला उचलून छकड्यात गवतावर निजवलं आणि थकलेले बैल पुन्हा नगरकडे फिरवले. पोती उघड्यावर राहिली, ती कोण नेईल याकडे त्याने वळून पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने, बैल हाकता हाकता, मागे वळून न पाहता तो म्हणाला, "तुझ्या आज्यानं काठी पुरली, ते लई बेस केलं. माझा आजाबी त्याला चांगलंच म्हनायचा. पर पुंजा, भाकर मागनं येगळं आन शेजाऱ्याला हाक मारनं येगळं. तू आमची पडवी हुबी केली, आमचा चहा घेतला न्हाईस. मग भिकारी कोन झालं? आमीच झालो की."

पुंजाराम छकड्याच्या कडेला बसला होता. त्याने बनुबाईचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून तो बाहेर बघत होता. कुणापासून लपवत होता, देव जाणे.

मिशनच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी डोळा तपासला, औषध घातलं, ठणका उतरवला. मग पुंजारामला बाजूला घेऊन सांगितलं, दुखणं थांबेल, नजर येणार नाही.

"परवा आनली असती तर?"

बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. "परवा आणली असती तर प्रयत्न करता आला असता," त्या म्हणाल्या.

हे बोलणं बनुबाईने ऐकलं. खाट काही फार लांब नव्हती. तिने त्यावर कधी एक शब्द काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर पुंजारामला बरं वाटलं असतं.

एवढं झाल्यावर माणूस बदलला असेल, असं तुम्हाला वाटेल. कुठचं काय. उलट तो जास्तच घट्ट झाला. पाणी तो भरी, पीठ तो दळी, भाकरी थापी. बाया मदतीला आल्या की दारातूनच परत पाठवी. "करतो मी. माझ्यामुळं झालंय, मीच करनार." तो स्वतःला शिक्षा देत होता, आणि जोडीला बनुबाईलाही. तिच्याशी बोलायला कुणी उरलं नाही. आंधळ्या माणसाला दुसऱ्याचा आवाज हाच उजेड, हे त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

मग एका गुरुवारी बनुबाई म्हणाली, "मला देवळात न्या."

त्याने तिला नेलं. तिचा हात त्याच्या खांद्यावर, तो पुढे. मंडळींनी सरकून जागा दिली. गायन झालं, उपदेश झाला, आणि मास्तरांनी विनंत्या विचारायला सुरुवात केली. पुंजारामची पाळी आली. तो "माझं देवाला ठावं" म्हणायच्या बेतात होता, तेवढ्यात बनुबाई चाचपडत उभी राहिली.

"मास्तर, माझी इनंती हाय."

"बोला, बनुबाई."

सगळ्यांना वाटलं, डोळ्यासाठी मागेल.

"माझ्या मालकाला मागता यिऊ द्या," ती म्हणाली. "येवढंच. दुसरं काय नगं."

पुंजाराम आपल्याच हातच्या फरशीकडे बघत बसला. मग दगडाबाईने डोळे मिटले आणि मोठ्याने प्रार्थना सुरू केली, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांनी. आयुष्यात पहिल्यांदा पुंजारामचं नाव घेऊन मंडळी देवाकडे काहीतरी मागत होती, आणि त्याला ते ऐकत बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चुलीतली राख उकरली, तर निखारा विझलेला. काड्यापेटी संपलेली. लढाईच्या दिवसांत दुकानात काड्या मिळायच्या बंद झाल्या होत्या. बनुबाई चुलीपुढे पाटावर बसली होती, परातीत पीठ मळून तयार होतं.

पुंजारामने कोनाड्यातलं खापर घेतलं. उंबऱ्यापाशी तो बराच वेळ उभा राहिला. याच उंबऱ्याखाली ती काठी होती. मग त्याने पाय बाहेर टाकला. खालून घुंगरं वाजली नाहीत.

बिबीजान तिच्या चुलीपाशी होती. दारात सावली आली म्हणून तिने वर पाहिलं. पुंजाराम खापर पुढे धरून उभा होता. स्वतःच्या हातांनी बांधलेल्या पडवीत तो चोरासारखा उभा होता.

"वहिनी," शेवटी तो म्हणाला, "इस्तू... थोडा इस्तू द्या."

बिबीजान काही नवल दाखवणारी बाई नव्हती. "आना इकडं," म्हणाली. चिमट्याने दोन चांगले रसरशीत निखारे निवडून तिने खापरात ठेवले, वर राख भुरभुरली. "चहा उकळतोय. घेनार का?"

पुंजारामने क्षणभर खापराकडे पाहिलं. "द्या," तो म्हणाला. "थोडा बनूलाबी न्यायला द्या."

तो घरी आला. एका हातात खापर, दुसऱ्या हातात झाकलेला पेला. त्याने चुलीत निखारे घातले, वर काटक्या ठेवून फुंकर मारली. जाळ धरला. बनुबाईने ऊब आली त्या बाजूला तळहात केले.

"कुनी आनून दिला?"

"कुनी न्हाई. मी जाऊन मागितला. बिबीजानवहिनीकडं."

बनुबाईचे हात तसेच चुलीपुढे राहिले. तिचा चेहरा त्याच्याकडे वळला, थोडा चुकून, त्याच्या खांद्याच्या पलीकडे.

"अवो," तिने विचारलं, "त्यांचं दार किती लांब हाय?"

तिला ठाऊक नव्हतं असं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ते दार तिने रोज पाहिलं होतं.

पुंजाराम जाळाकडे बघत होता. "समोरच तर हाय," तो म्हणाला.

बनुबाईने मान हलवली. मग पिठाचा गोळा हाताने शोधला, आणि भाकरी थापायला घेतली.